रोहिणी हट्टंगडी : झालेल्या भूमिका आणि व्हायच्या भूमिका

रोहिणी हट्टंगडी हे नाव काढलं की आपल्यासारख्या परदेशस्थ मराठी मंडळींना साधारणपणे तीन चेहरे आठवतात. ॲटनबरो यांच्या 'गांधी'मधली कस्तुरबा, 'सारांश'मधली पार्वती प्रधान, आणि मालिका पाहणाऱ्यांच्या घरी 'चार दिवस सासूचे'मधली आशा देशमुख. तिन्ही चेहरे वयस्क बायकांचे. यातले पहिले दोन उभे केले तेव्हा रोहिणीताई स्वतः जेमतेम तिशीच्या आसपास होत्या, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात नसतं. आज त्या सत्तरीच्या घरात आहेत. ज्या वयाचं सोंग त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी आणलं, ते वय आता खरोखरच आलं आहे. तेव्हा यापुढे या बाईंच्या वाट्याला कोणत्या भूमिका याव्यात, हा प्रश्न माझ्यासारख्या जुन्या चाहत्याला पडतो.

नुसती इच्छा सांगून मात्र भागत नाही. वय झालेल्या नटीला आपल्या पडद्याने आजवर काय दिलं, हा हिशेब आधी मांडला पाहिजे. म्हणजे मागायचं काय आणि कशासाठी, हे नीट ठरवता येईल.

सुरुवातीला तर पडद्यावर बाईच नव्हती. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये (१९१३) तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलं. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी झाली. कमलाबाई म्हणजे चंद्रकांत गोखले यांच्या आई आणि विक्रम गोखले यांच्या आजी. आपल्या चित्रपटातल्या या पहिल्या दोन स्त्रिया प्रत्यक्षात मायलेकी होत्या. पण पडद्यावर आईच्या वाट्याला आईचं काम आलं नाही, देवीचं आलं. तो साचा अजून तयार व्हायचा होता.

बोलपट आला आणि दुर्गा खोटे आल्या. प्रभातचा 'अयोध्येचा राजा' १९३२ चा. त्यात तारामती झालेल्या दुर्गाबाई तेव्हा सत्तावीस वर्षांच्या होत्या. चारच वर्षांनी शांतारामबापूंच्या 'अमरज्योती'त त्या समुद्रावरच्या चाच्यांची राणी झाल्या. पोटच्या मुलाचा ताबा नाकारला गेला म्हणून राजसत्तेविरुद्ध उठलेली ती सौदामिनी. म्हणजे आई तर आहेच, पण हातात तलवार आहे, स्वतःचं गलबत आहे आणि अन्यायाबद्दल स्वतःचं मत आहे. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवातही दाखवला गेला. १९३६ साली मराठी माणसांनी अशी आई कल्पिली होती, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे.

दुर्गाबाईंचं पुढचं आयुष्यही मोठं शिकवणारं. 'मुगल-ए-आझम'मध्ये (१९६०) त्या जोधाबाई झाल्या. १९७४ च्या 'बिदाई'साठी सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. १९८३ चा फाळके पुरस्कारही त्यांना मिळाला. पण त्या केवळ मिळेल त्या भूमिकेवर विसंबून बसल्या नाहीत. त्यांनी जाहिरातपट आणि लघुपट काढण्याचा व्यवसाय उभा केला. १९८८ साली दूरदर्शनवर आलेली 'वागळे की दुनिया' ही मालिका त्यांच्याच निर्मितिसंस्थेची. म्हातारपणी काय करायचं हे त्यांनी कोणाला विचारलं नाही, स्वतःच ठरवलं. प्रत्येक नटीला ते जमण्यासारखं नसतं, कारण त्याला पैसा, ओळखी आणि धंद्याची जाण लागते.

दुसरं उदाहरण ललिता पवार यांचं. १९४२ साली एका चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याची एक बाजू अधू झाली आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिकेची वाट तिथेच बंद झाली. दोनच वर्षांनी प्रभातच्या 'रामशास्त्री'त त्या आनंदीबाई म्हणून उभ्या राहिल्या, आणि पुढची चाळीस वर्षं भारतभरच्या सुनांनी त्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. सासू म्हणजे ललिता पवार हे समीकरण 'रामायण' मालिकेतल्या मंथरेपर्यंत टिकलं. पण 'श्री ४२०'मधली केळेवाली आणि 'अनाडी'मधली मिसेस डिसा आठवून पाहा. तोंडाने फटकळ, आतून लोण्यासारखी, एकटी राहणारी, भाड्यावर घर चालवणारी बाई. ही संधी मिळाली तेव्हा त्यांनी काय करून दाखवलं! 'अनाडी'ने त्यांना फिल्मफेअरही मिळवून दिलं. अशा संधी मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

तिसऱ्या सुलोचनाबाई. 'मीठभाकर', 'वहिनींच्या बांगड्या', 'मोलकरीण', 'एकटी'. मराठी घराघरांतलं सोसणं त्यांच्या चेहऱ्यावर येऊन थांबलं. हिंदीत तर त्या सगळ्या नायकांच्या आई झाल्या. २०२३ च्या जूनमध्ये त्या गेल्या तेव्हा वर्तमानपत्रांनी 'पडद्यावरची आई गेली' अशा अर्थाचेच मथळे दिले. ते प्रेमाने दिले होते यात शंका नाही. पण नव्वदी पार केलेल्या एका कलावतीच्या सगळ्या आयुष्याचं वर्णन एका नात्यात संपावं, ही गोष्ट मला जरा खुपली.

पेशाने मी संगणकवाला, त्यामुळे शंका आली की तक्ता मांडायची सवय. म्हणून पडद्यावरच्या मायलेकांच्या जन्मतारखा एकापुढे एक लिहिल्या. 'मदर इंडिया'मध्ये (१९५७) नर्गिस आई आणि सुनील दत्त मुलगा. नर्गिसचा जन्म १ जून १९२९ चा, सुनील दत्त यांचा ६ जून १९२९ चा. आई मुलापेक्षा पाच दिवसांनी मोठी! 'जॉनी मेरा नाम'मध्ये (१९७०) सुलोचनाबाई देव आनंद आणि प्राण या दोघांच्या आई. सुलोचनाबाई १९२८ च्या, देव आनंद १९२३ चे, प्राण १९२० चे. राखी अमिताभपेक्षा पाच वर्षांनी लहान. 'कभी कभी' आणि 'काला पत्थर'मध्ये त्याची प्रेयसी झालेली हीच राखी १९८२ च्या 'शक्ती'त त्याची आई झाली. आणि 'अग्निपथ'मध्ये (१९९०) अमिताभच्या आईचं काम केलेल्या आपल्या रोहिणीताई त्याच्याहून निदान आठ वर्षांनी लहान आहेत.

हे सगळं कोणा एका दिग्दर्शकाच्या लहरीने झालेलं नाही. त्यामागे दोन साधी कारणं दिसतात. पहिलं पैशाचं. प्रभातसारख्या कंपन्यांत नट-नट्या महिन्याच्या पगारावर असत, आणि चित्रपट चालायचा तो कंपनीच्या नावावर. १९४० च्या दशकात ही व्यवस्था मोडत गेली, स्वतंत्र निर्माते आले आणि वितरक नायकाचं नाव पाहून पैसे मोजू लागले. नायक म्हणजेच भांडवल झालं, आणि भांडवल म्हातारं होऊन चालत नाही. त्यामुळे नायक पंचेचाळिशीतही पंचविशीचा राहिला आणि त्याच्याभोवतीच्या बायका मात्र भराभर बदलत, पुढच्या इयत्तेत ढकलल्या जात राहिल्या.

दुसरं कारण गोष्टीच्या रचनेचं. आपल्याकडच्या लोकप्रिय गोष्टीत पहिली दोन-तीन रिळं आई तरुण असते. नवरा मारला जातो किंवा परागंदा होतो, ती लहानग्याला घेऊन शहरात येते, आणि तो मुलगा पळता पळता एकदम मोठा नायक होतो. पाच मिनिटांपूर्वीची तरुण विधवा मग पांढऱ्या केसांत दिसते. या दोन्ही वयांना पुरेल अशी नटी हवी तर तरुण नटीला म्हातारी करणं सोपं, म्हाताऱ्या नटीला तरुण करणं अवघड. जी बाई खरंच साठीची आहे तिला त्यामुळे आईचं कामसुद्धा धड मिळत नाही. तिच्या वाट्याला उरते ती कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसलेली आजी.

आता रोहिणीताईंकडे येऊ. पुण्याची ही मुलगी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात इब्राहिम अल्काझी यांच्या हाताखाली शिकून १९७४ साली बाहेर पडली. जयदेव हट्टंगडी तिथेच सोबत शिकले, पुढे त्यांचं लग्न झालं आणि दोघांनी मिळून मराठी प्रायोगिक रंगभूमीवर काम केलं. सईद मिर्झांच्या 'अरविंद देसाई की अजीब दास्तान'पासून (१९७८) त्या चित्रपटांत आल्या. मग 'गांधी' आला. एकाच भूमिकेत तरुण वयापासून मृत्यूपर्यंतची कस्तुरबा त्यांनी उभी केली आणि १९८३ साली साहाय्यक अभिनेत्रीचा ब्रिटिश 'बाफ्टा' पुरस्कार मॉरीन स्टेपलटन यांच्याबरोबर विभागून घेतला. कस्तुरबा वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गेल्या. तो म्हातारपणाचा थकवा तिशीच्या आसपासच्या नटीने खांद्यांतून आणि मानेतून दाखवला होता.

त्या दोन-तीन वर्षांतलं त्यांचं बाकीचं काम पाहा. 'अर्थ'मधली मोलकरीण, जी मुलीच्या शाळेसाठी पै-पै जमवते आणि ते पैसे उडवणाऱ्या नवऱ्याचा खून करून बसते. महेश एलकुंचवारांच्या नाटकावरून गोविंद निहलानींनी केलेल्या 'पार्टी'तली (१९८४) मोहिनी बर्वे, एका मोठ्या नाटककाराच्या सावलीत कोमेजलेली आणि दारूत बुडत चाललेली बाई. पहिलीला फिल्मफेअर, दुसरीला राष्ट्रीय पुरस्कार. एक झोपडपट्टीतली, एक उच्चभ्रू दिवाणखान्यातली. इतका पल्ला असलेली नटी दर दशकाला दोन-चार निघाल्या तरी पुष्कळ.

आणि 'सारांश'. आपल्या मंडळींना हा चित्रपट अंगावर येतो याला कारण आहे. शिवाजी पार्कवरच्या निवृत्त मास्तरांचा एकुलता एक मुलगा न्यू यॉर्कमध्ये मारला जातो आणि त्याच्या अस्थी मुंबईला येतात, इथून गोष्ट सुरू होते. परदेशात मूल असलेल्या प्रत्येक आईबापाच्या मनातली ती भीती आहे आणि आपल्या मनात तिची दुसरी बाजू आहे. पार्वतीबाईंना वाटतं की मुलगा पुन्हा जन्माला येणार, आणि त्या आशेवर त्या जगू पाहतात. शेवटी प्रधान मास्तरांना स्वतःच्या जगण्याचा अर्थ सापडतो तो बायकोच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांत. तो प्रसंग पाहून डोळे पुसताना एक गोष्ट आपण विसरतो : त्या सुरकुत्या रंगभूषाकाराने काढलेल्या होत्या.

आता इथे एक तुलना केल्याशिवाय राहवत नाही. प्रधान मास्तर झालेले अनुपम खेर यांचा जन्म १९५५ चा, म्हणजे तेही तेव्हा ऐन तरुण होते. दोघांनी एकाच चित्रपटात म्हातारपण रंगवलं. त्यानंतर खेर खलनायक झाले, विदूषक झाले, नायिकेचे बाप झाले, आणि २०१९ मध्ये पडद्यावर पंतप्रधानही झाले. 'सारांश' हा त्यांच्यासाठी दरवाजा ठरला. रोहिणीताईंसाठी तो बराचसा पिंजरा ठरला. आई, सासू, पुन्हा आई. १९८९ च्या 'चालबाज'मध्ये त्याच अनुपम खेर यांच्या जोडीने त्यांनी दुष्ट आणि हास्यास्पद अंबा केली. ती पाहताना वाटतं की ही बाई विनोदात केवढी मोकळी होते! पण तो दरवाजा किलकिला झाला तेवढाच. 'मुन्नाभाई एम.बी.बी.एस.'मध्ये (२००३) पुन्हा नायकाची आई. छोट्या पडद्याने त्यांना निदान सत्ता दिली. 'चार दिवस सासूचे' २००१ पासून २०१३ पर्यंत, तीन हजारांहून अधिक भाग चालली. घरच नव्हे तर कारभारही हाती असलेली सासू महाराष्ट्राने रोज संध्याकाळी पाहिली. तरी शीर्षकात शब्द सासू हाच.

असं असलं तरी मी निराश नाही, कारण अलीकडे वारा बदलतो आहे. २०१७ मध्ये नीना गुप्ता यांनी आपण चांगल्या कामाच्या शोधात आहोत असं समाजमाध्यमावर सरळ जाहीर लिहिलं. पुढच्याच वर्षी 'बधाई हो' आला. त्यात उतारवयात गरोदर राहिलेल्या बाईचं काम त्यांनी केलं आणि तिच्या सासूच्या कामाबद्दल सुरेखा सिक्री यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन्ही भूमिका घरातल्याच, पण दोघींना स्वतःच्या इच्छा होत्या. मराठीत २०२३ च्या जूनअखेर केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' आला. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा, कोणी तरुण नायक नाही, आणि थोरल्या जयाच्या भूमिकेत रोहिणीताई. चित्रपटगृहांबाहेर बायकांच्या रांगा लागल्या, कोणी नऊवारी नेसून आल्या. वयस्क बायकांचा चित्रपट कोण बघणार, या प्रश्नाला तिकीटखिडकीने उत्तर दिलं. पैशाच्या कारणाने जे बंद झालं होतं, ते पैशाच्याच कारणाने उघडू शकतं.

म्हणून आता माझ्या मागण्या सांगतो.

पहिली मागणी अशा बाईची, जिची ओळख तिच्या कामाने होते. त्यासाठी कल्पनाशक्ती ताणायचीही गरज नाही, आपल्या इतिहासात दोन सख्ख्या बहिणीच तयार आहेत. धाकट्या कमला सोहोनी. १९३३ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना बाई म्हणून आधी प्रवेश नाकारला. त्या हटून बसल्या, प्रवेश मिळवला, आणि १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट घेतली. विज्ञानात पीएच. डी. झालेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात. १९९८ मध्ये दिल्लीत त्यांचा उशिरा का होईना सत्कार ठेवला गेला, त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात गेल्या. थोरल्या दुर्गाबाई भागवत. १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून, यशवंतराव चव्हाणांसारखे मंत्री समोर असताना, त्यांनी आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करवली आणि पुढे स्वतः तुरुंगात गेल्या. या दोघी बहिणी म्हातारपणी मुंबईत समोरासमोर बसून बोलताहेत, एक प्रयोगशाळेबद्दल, एक लोककथांबद्दल, आणि मध्येच एकमेकींवर चिडताहेत. यातली कोणतीही एक रोहिणीताईंना द्या. मी स्वतः डॉक्टरेटसाठी सहा वर्षं घासली आहेत, म्हणून कमलाबाईंकडे माझा कल जास्त आहे हे कबूल.

दुसरी मागणी वाईटपणाची. म्हाताऱ्या पुरुषाला पडद्यावर लबाड, लोभी, विनोदी, पश्चात्तापदग्ध काहीही होता येतं. म्हातारी बाई मात्र एक तर देवता नाही तर कैकेयी. एखादी अशी बाई लिहा जी भावंडांना फसवून जमीन लाटते, त्यावर शांत झोपते, आणि नातीला बुद्धिबळात मुद्दाम हरवते. 'चालबाज'मधली मोकळीक आणि 'पार्टी'मधली खोली एकत्र आली तर काय होईल हे पाहायचं आहे.

तिसरी मागणी आपल्या घरातली. 'मिनारी' हा चित्रपट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. आर्कान्सामध्ये शेती करू पाहणाऱ्या कोरियन कुटुंबाकडे मायदेशातून आजी येते. ती केक-बिस्किटं भाजत नाही, पत्ते खेळते, शिव्या देते. नातवाची तक्रार अशी की ही खऱ्या आजीसारखी नाहीच. त्या कामासाठी युन यो-जोंग यांना २०२१ मध्ये वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी ऑस्कर मिळालं. मी तो पाहिला आणि मनात आलं, ही गोष्ट आपलीसुद्धा आहे, मग आपली आजी कुठे आहे?

कारण ती आपल्या प्रत्येकाच्या घरी येऊन गेलेली आहे. सहा महिन्यांच्या परवानगीवर येते, नातवंडं सांभाळते, पोळ्या करून फ्रीजरमध्ये ठेवते. शनिवारी आपण तिला देवळात आणि मंडळाच्या कार्यक्रमाला नेतो आणि 'माझी आई' म्हणून ओळख करून देतो. त्यातली एक तीस वर्षं बँकेत कॅशियर होती आणि तिने संपात भाग घेतला होता. एकीने पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत काम केलं होतं. एकीला गाडी चालवता येते पण इथे कोणी किल्ली देत नाही. चित्रपटांनी आईला एका नात्यात कोंडलं असं आपण म्हणतो, तेव्हा पटकथा लिहिणारेही आपल्यासारख्याच घरांतून आले होते हे ध्यानात घ्यायला हवं. पडद्यावर दिसतं ते घरातलंच. त्यामुळे अशी भूमिका लिहिली गेली तर उपयोग एकट्या रोहिणीताईंना होणार नाही. आपल्या मुलांनाही आजीकडे पाहायची नवी नजर मिळेल, आणि आपल्यालाही.

हे होण्यासाठी आपण इथे बसून थोडं काही करू शकतो. मंडळात कोणता चित्रपट दाखवायचा हे आपणच ठरवतो, अधिवेशनाला कोणते पाहुणे बोलवायचे हेही. एकांकिका तर आपण स्वतःच लिहितो. पुढच्या वर्षीच्या एकांकिकेत सत्तरीच्या बाईचं मध्यवर्ती काम असावं आणि ते करायला केसांना पावडर लावलेली तिशीतली मुलगी न घेता, उन्हाळ्यात आलेल्या कोणाच्या तरी आईला विचारावं, असं मी आमच्या नाट्यसमितीला सुचवलं आहे. संहिता मात्र अजून कोणी दिलेली नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी मेअखेरपर्यंत समितीकडे पाठवावी.